ओल्या हिवाळ्याचा भरवसा

२०१५च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीच्या जेमतेम साठ टक्के पाऊस पडला. आदल्या वर्षीही जवळपास तेवढाच पडला होता. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोचलं, त्याच्या आधी महिनाभर पाणवठ्यांवर जमावबंदी लागू झालेली होती. आपल्याकडची शेतं करपत होती तेव्हा पॅसिफिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियात, लोक पावसाच्या भाकिताने सुखावले होते. दोन्हींच्या मागे कारण एकच होतं. विषुववृत्ताजवळचा पॅसिफिक महासागर तापला होता आणि १९८२-८३ व १९९७-९८ या दोन मोठ्या एल निनोंच्या तोडीचा तिसरा एल निनो उभा राहत होता.

आपल्याकडे एल निनो म्हटलं की मान्सूनची चिंता. कॅलिफोर्नियात उलट. तिथे उन्हाळा ठणठणीत कोरडा असतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत पडतो. आधीच्या दोन्ही मोठ्या एल निनोंत हा हिवाळी पाऊस धो धो कोसळला होता. लॉस एंजेलिसची वार्षिक सरासरी सुमारे १५ इंच, पण त्या दोन्ही वर्षी तिथे ३१ इंचांवर पाऊस झाला. त्यामुळे २०१५मध्ये सागराची आकडेवारी पाहून नासाचे शास्त्रज्ञ बिल पॅत्झर्ट यांनी या एल निनोला ‘गॉडझिला’ म्हटलं, तेव्हा चार वर्षं होरपळलेल्या राज्याने ते नाव उचलून धरलं. लोकांनी छपरं दुरुस्त केली, पालिकांनी नाले उपसले, आणि दुष्काळ आता संपणार असं बोलणं सुरू झालं.

ओल्या हिवाळ्याचं भाकीत झालं म्हणून एखाद्या प्रदेशाचा दुष्काळ फिटतो का? गेल्या दहा-बारा वर्षांत कॅलिफोर्नियाने या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं सोसून पाहिली आहेत. भाकीत ओलं आणि हिवाळा कोरडा, भाकीत कोरडं आणि हिवाळा विक्रमी ओला, धरणं भरून सांडली तरी विहिरी रिकाम्या, असं सगळं तिथे घडून गेलं. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचं आयुष्य जातं त्या आपल्यासारख्यांनी हा इतिहास नीट वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तो दुष्काळ किती खोल होता, ते आधी पाहू. २०१२ ते २०१५ या चार वर्षांत लॉस एंजेलिसला एकदाही नऊ इंच पाऊस मिळाला नाही. हिवाळ्यामागून हिवाळे पॅसिफिकवर उच्च दाबाची एक भिंत ठाण मांडून बसे आणि वादळं उत्तरेला वळत. डॅनियल स्वेन या तरुण हवामानशास्त्रज्ञाने तिला चिवट कड्याचं नाव दिलं आणि ते शास्त्रीय लिखाणातही रुळलं. पण केवळ पाऊस कमी पडला असता तर एवढा घाव बसला नसता. २०१४ आणि २०१५ ही राज्याच्या नोंदीतली तोवरची सर्वांत उष्ण वर्षं ठरली. उष्णतेने मातीतली ओल जास्त ओढली आणि जे काही पडलं तेही बर्फाऐवजी पावसाच्या रूपात पडलं. ब्ल्यू ओक झाडांच्या वार्षिक वलयांवरून दोन संशोधकांनी २०१४मध्ये हिशेब मांडला: पावसाची तूट आधीच्या काही दुष्काळांइतकीच, पण उष्णता धरली तर गेल्या बाराशे वर्षांतला हा सर्वांत वाईट दुष्काळ.

बर्फाचं महत्त्व आपल्याकडच्या वाचकाला चटकन जाणवत नाही. सिएरा नेवाडा पर्वतावर हिवाळ्यात साचणारा बर्फ हे कॅलिफोर्नियाचं सर्वांत मोठं धरण आहे, आणि ते कोणी बांधलेलं नाही. राज्याच्या गरजेच्या सुमारे तीस टक्के पाणी त्यातून मिळतं. शिवाय ते वितळतं एप्रिलपासून, म्हणजे नेमकं पाऊस थांबल्यावर आणि पिकांची मागणी वाढल्यावर. म्हणून दर वर्षी १ एप्रिलची बर्फमोजणी तिथे आपल्या १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्याइतकी डोळ्यांत तेल घालून पाहतात. १ एप्रिल २०१५ला गव्हर्नर जेरी ब्राऊन फिलिप्स स्टेशन या मोजणीच्या जागी गेले. एरवी साडेपाच फूट बर्फ असतो तिथे ते पिवळ्या गवतावर उभे होते. राज्यभरातला बर्फ सरासरीच्या पाच टक्के भरला. त्याआधीचा नीचांक पंचवीस टक्क्यांचा होता. त्याच जागी उभं राहून ब्राऊन यांनी शहरांना पंचवीस टक्के पाणीकपातीचा हुकूम दिला. राज्यव्यापी सक्तीची कपात त्या राज्याने पहिल्यांदाच पाहिली.

आता भाकिताकडे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी हवामान-सागर संस्थेने ऑक्टोबर २०१५मध्ये हिवाळ्याचा अंदाज दिला: मध्य व दक्षिण कॅलिफोर्नियासह देशाच्या दक्षिण पट्ट्यात सरासरीहून जास्त पावसाची शक्यता अधिक. त्याच वेळी हेही बजावलं, की एका हंगामात चार वर्षांची तूट भरून येणं अवघड आहे, त्यासाठी सरासरीच्या जवळपास दुप्पट पाऊस लागेल. मथळ्यांत पहिलं वाक्य आलं, दुसरं बातमीच्या तळाशी गेलं.

असे हंगामी अंदाज वाचायची एक पद्धत आहे आणि ती आपल्याकडेही कोणी समजावून सांगत नाही. गेल्या तीस वर्षांचे हिवाळे ओले, मधले आणि कोरडे अशा तीन समान गटांत वाटले, तर काहीच माहिती नसताना प्रत्येक गटाची शक्यता तेहेतीस टक्के. एल निनोमुळे ओल्या गटाची शक्यता पन्नास-साठ टक्क्यांवर गेली, एवढंच तो अंदाज सांगत होता. उरलेल्या चाळीस-पन्नास टक्क्यांत मधला हिवाळाही होता आणि कोरडाही. शिवाय ‘ओला’ म्हणजे किती ओला, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. सरासरीपेक्षा थोडा जास्त पडला तरी अंदाज बरोबर ठरतो, पण चार वर्षं रिकामी पडलेली धरणं त्याने भरत नाहीत. आणि खरोखर मोठे एल निनो १९५०पासून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झालेत. एवढ्या थोड्या उदाहरणांवरून नियम काढताना शास्त्रज्ञांचा हातही कापतो.

घडलं असं. तो एल निनो नोंदींतल्या सर्वांत प्रबळ एल निनोंत मोडला, सागराने दिलेला शब्द पूर्ण पाळला. पण वादळांची वाट अपेक्षेपेक्षा उत्तरेला राहिली. उत्तर कॅलिफोर्नियात ठीकठाक पाऊस झाला, शास्ता आणि ओरोव्हिल ही मोठी धरणं बऱ्यापैकी भरली, १ एप्रिल २०१६ला बर्फ सरासरीच्या पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास होता. ज्या दक्षिणेला मुसळधार पावसाची आशा दाखवली होती, तिथे लॉस एंजेलिसला मिळाले साडेनऊ इंच. सांता बार्बराजवळचं काचुमा धरण त्या वर्षाअखेर दहा टक्क्यांच्या खाली गेलं. उत्तरेतला साठा पाहून मे २०१६मध्ये राज्याने सक्तीची कपातही सैल केली.

भारताने याची उलटी बाजू १९९७मध्ये पाहिली होती. शतकातला प्रचंड एल निनो चालू असताना त्या वर्षी आपला मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला. पुढे २०१५ला मात्र तो ८६ टक्क्यांवर घसरला. एकच एल निनो म्हणावा, आणि देशाच्या शेतीला मिळालेली दोन उत्तरं इतकी वेगळी. सागर पाऊस पाडत नाही, तो पावसाची शक्यता हलवतो. मधल्या वातावरणाचं स्वतःचं चालणं असतं आणि ते महिन्यांआधी कळत नाही.

कॅलिफोर्नियाबाबत हे जास्तच खरं आहे, कारण तिथला वर्षाचा पाऊस मोजक्या वादळांवर टांगलेला असतो. पॅसिफिकवरून वाफेचे लांबच लांब, अरुंद पट्टे येतात. शास्त्रज्ञ त्यांना वातावरणीय नद्या म्हणतात. साध्या वातावरणीय नदीतही मिसिसिपीच्या मुखाशी वाहतं तेवढं पाणी वाफेच्या रूपात सरकत असतं, मोठीत त्याच्या कित्येक पट. पश्चिम किनाऱ्याच्या वर्षाच्या पावसापैकी तीस ते पन्नास टक्के असा थोडक्या दिवसांत येतो. जलशास्त्रज्ञ मायकल डेटिंजर यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या दुष्काळांपैकी निदान एक तृतीयांश, काही भागांत तर सुमारे पाऊण, अशाच वादळांनी एकाएकी संपवले होते असं दिसलं. म्हणजे चार-पाच अशा नद्या किनाऱ्याला लागल्या तर वर्ष ओलं, न लागल्या तर कोरडं. चार-पाच वादळांचा मार्ग ऑक्टोबरात कोण सांगणार? आठवडाभर आधी मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. सान डिएगोच्या स्क्रिप्स संस्थेतल्या गटाने मेंडोसिनो सरोवराच्या धरणावर याचाच उपयोग केला. पूर यायची शक्यता आहे म्हणून ठरल्या तारखेला धरण रिकामं ठेवण्याऐवजी, वादळ दिसत नसेल तर पाणी धरून ठेवायचं आणि दिसलं तरच सोडायचं. २०२०च्या कोरड्या वर्षात या एका बदलाने धरणात सुमारे एकोणीस टक्के जादा पाणी राहिलं. हंगामी भाकितांभोवती जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या शतांशही या कामाचा होत नाही.

त्या एल निनोनंतरचा हिवाळा आला तो कोणी बोलावलेला नव्हता. २०१६-१७मध्ये एल निनो ओसरून सौम्य ला निना, म्हणजे त्याची उलट स्थिती, होती, कोणी मोठ्या पावसाची ग्वाही दिली नव्हती. आणि वातावरणीय नद्यांची रांग लागली. उत्तर सिएरातल्या आठ पर्जन्यमापकांची मिळून सरासरी सुमारे पन्नास इंच, त्या वर्षी ९४.७ इंच भरली. विक्रम. ७ फेब्रुवारी २०१७ला ओरोव्हिल धरणाच्या मुख्य सांडव्याला भगदाड पडलं. अमेरिकेतलं सर्वांत उंच धरण, क्षमतेने दीड कोयना. चार दिवसांनी आणीबाणीच्या सांडव्यावरून इतिहासात पहिल्यांदा पाणी वाहिलं, तर त्याखालची टेकडीच खचू लागली. १२ तारखेला खालच्या गावांतल्या एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार माणसांना घरं सोडावी लागली. धरण तरलं. पण दुष्काळ संपवणारा पाऊस कसा येतो, हे त्या आठवड्यात उघडं पडलं. पाणी हवं होतं पाच वर्षांत वाटून, ते आलं पाच आठवड्यांत. दुष्काळासाठी धरण भरलेलं ठेवावं की पुरासाठी रिकामं, ही ओढाताण आपल्या उजनी-कोयनेच्या अधिकाऱ्यांनाही चुकलेली नाही.

७ एप्रिल २०१७ला ब्राऊन यांनी दुष्काळाची आणीबाणी उठवली. हा हुकूम मी या साऱ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक कागद मानतो, कारण त्यात चार काउंट्या वगळल्या होत्या: फ्रेस्नो, किंग्ज, टुलारे आणि टुओलम्नी. डोंगरावर भरपूर बर्फ, धरणं काठोकाठ, काही गावांत पूर, आणि तरी या चार काउंट्यांत आणीबाणी चालूच. कारण तिथल्या अनेक घरांच्या विहिरींना अजून पाणी नव्हतं.

टुलारे काउंटीतलं ईस्ट पोर्टरव्हिल हे गाव त्या दुष्काळात जगभर गाजलं. शेतमजुरांची वस्ती, बहुतेक मेक्सिकोतून आलेली कुटुंबं, घरोघरी स्वतःची उथळ विहीर, नळयोजना नाही. २०१४पासून त्या विहिरी एकेक करत आटल्या. अंगणात मोठ्या टाक्या बसवून टँकरने पाणी आणलं, पिण्याला बाटल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या सर्वांत श्रीमंत राज्यात, फळबागांच्या मधोमध, बायाबापड्या बादल्यांनी अंघोळ उरकत होत्या. ओल्या हिवाळ्याने त्या विहिरी भरल्या नाहीत. त्यांचा प्रश्न सुटला तो शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या नळयोजनेला सातशेहून अधिक घरं जोडली गेली तेव्हा, आणि ते काम २०१८पर्यंत चाललं.

विहिरी का भरल्या नाहीत? कॅलिफोर्नियाची मध्य खोरी, विशेषतः दक्षिणेकडचं सान वाकीन खोरं, म्हणजे गाळाच्या शेकडो मीटर जाड थरांचं प्रचंड भूजलकोठार. बऱ्या वर्षी राज्याच्या पाण्यापैकी सुमारे चाळीस टक्के जमिनीखालून येतं, दुष्काळात साठ टक्के. नदीचं पाणी तोडलं की शेतकरी बोअर मारतो. यात त्याचा दोष काढणं सोपं आहे, पण झाडं उभी असताना तो दुसरं काय करील? जुनी बोअर आटली की शेजारचा अधिक खोल जातो. तीनशे मीटर खोल बोअर घेणारी बागायत कंपनी आणि तीस मीटरची घरगुती विहीर यांच्यातली शर्यत कोण हरणार, हे सांगायला नको. सान वाकीन खोऱ्यात गेल्या तीन दशकांत दर वर्षी सरासरी वीस लाख एकर-फुटांच्या आसपास जादा उपसा झाला आहे. आपल्या हिशेबात ऐंशी-नव्वद टीएमसी. जायकवाडीचा सगळा उपयुक्त साठा दर वर्षी जमिनीखालून काढावा आणि परत घालू नये, असं हे तीस वर्षं चाललंय. त्यात ओली वर्षंही आली, पण ओल्या वर्षात तूट थांबते किंवा थोडी भरते, आणि कोरड्या वर्षांत तिच्या अनेकपट वाढते. पावसाची सरासरी गाठली तरी उपशाची सरासरी त्याहून जास्त असेल, तर कितीही ओले हिवाळे आले तरी शेवटी पातळी खालीच जाणार. हा हवामानाचा प्रश्न उरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे काही नुकसान भरून येण्यातलंच नाही. खोऱ्यातल्या चिकणमातीच्या थरांत सूक्ष्म कण विस्कटून टाकलेल्या पत्त्यांसारखे आडवेतिडवे पडलेले असतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी असतं. पाणी फार खाली ओढलं की वरच्या वजनाने ते पत्ते गड्डीसारखे एकावर एक चपखल बसतात. मग पाणी आलं तरी गड्डी पुन्हा विस्कटत नाही. साठवणच कायमची कमी होते आणि जमीन खचते. मेंडोटा गावाजवळ जोसेफ पोलंड हे भूगर्भशास्त्रज्ञ विजेच्या खांबापाशी उभे आहेत असं १९७७चं प्रसिद्ध छायाचित्र आहे. खांबावर वर १९२५ची पाटी लावली आहे, मध्ये १९५५ची, पायाशी १९७७ची. म्हणजे पन्नास वर्षांत जमीन सुमारे नऊ मीटर खाली गेली. २०१५च्या सुमारास कॉर्कोरन भागात ती महिन्याला जवळपास दोन इंच खचत होती. फ्रायंट-कर्न हा गुरुत्वाने वाहणारा कालवा काही टप्प्यांत इतका बसला, की त्याची वहनक्षमता साठ टक्क्यांनी घटली. ओलं वर्ष आलं तेव्हा वरच्या धरणात पाणी होतं, पण खाली न्यायला कालव्यात उतारच राहिला नव्हता.

महाराष्ट्राची गोष्ट इथे वेगळी पडते. आपल्या बहुतेक भागाखाली बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या मुरमात मावतं तेवढंच पाणी. साठा लहान, म्हणून लवकर आटतो आणि एका चांगल्या पावसाने लवकर भरतोही. २०१६च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला, मांजरा धरणात पुन्हा भरपूर पाणी आलं आणि रेल्वेचं पाणी आठवणीत जमा झालं. आपला दुष्काळ एका पावसाळ्याने फिटतो हे खरं आहे, आणि त्यामुळेच तो फिटल्यावर आपण उपशाकडे पाहत नाही. दुसरा हंगाम चुकला की पुन्हा तीच टँकरची रांग. कॅलिफोर्नियाच्या मोठ्या कोठाराने लोकांना शंभर वर्षं हिशेब न करण्याची मुभा दिली. आपल्या लहान कोठाराने आपल्याला दर वर्षी विसरण्याची दिली. मला दोन्हींत आपलं जास्त अक्षम्य वाटतं, कारण इशारा आपल्याला दर दोन-तीन वर्षांनी मिळतो.

जंगलांचा हिशेब तर धरणांच्या आकड्यांत येतच नाही. दुष्काळाने अशक्त झालेल्या सिएराच्या पाइन वृक्षांना भुंगेऱ्यांनी पोखरलं. २०१७ संपता संपता राज्यात २०१०पासून मेलेल्या झाडांचा अंदाज बारा कोटी नव्वद लाखांवर गेला होता, म्हणजे आणीबाणी उठल्यानंतरही तो वाढतच होता. पाऊस आला म्हणून मेलेलं झाड उठत नाही, आणि त्या उभ्या सरपणाने पुढची कितीतरी वर्षं वणव्यांना खाद्य पुरवलं.

२०२०पासून पुन्हा तीन कोरडी वर्षं. ऑक्टोबर २०२२मध्ये ला निनाचं सलग तिसरं वर्ष होतं, त्यामुळे अंदाज आला कोरड्या हिवाळ्याचा. आणि २६ डिसेंबर ते १७ जानेवारी या तीन आठवड्यांत एकामागून एक नऊ वातावरणीय नद्या येऊन आदळल्या. १ एप्रिल २०२३ला बर्फ सरासरीच्या २३७ टक्के, दक्षिण सिएरात सुमारे तिप्पट. वसंतात हा बर्फ वितळला तेव्हा टुलारे सरोवर परत आलं. हे सरोवर एकेकाळी मिसिसिपीच्या पश्चिमेकडचं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. काठच्या टाची योकुत लोकांची ती पवित्र जागा, ते तिला पाआशी म्हणतात. किंग्ज, कविआ, टूल आणि कर्न या चार नद्या वळवून एकोणिसाव्या-विसाव्या शतकात ते आटवलं आणि तळावर कापूस, टोमॅटो, पिस्ते पिकवले. २०२३च्या उन्हाळ्यात लाखाहून जास्त एकर शेती पुन्हा पाण्याखाली गेली. कित्येक कुटुंबं उघड्यावर आली, आणि टाची लोकांनी पिढ्यांनंतर त्या काठावर आपले विधी केले. एकच पाणी एकाला आपत्ती होतं आणि दुसऱ्याला परतलेलं दैवत. दोन्ही खरं होतं.

पण पाण्याच्या हिशेबाच्या दृष्टीने त्या सरोवराचं सर्वांत बोलकं अंग जमिनीखाली होतं. तळाशी कॉर्कोरन चिकणमातीचा अभेद्य थर आहे, तो जुन्या सरोवरांनीच घडवला. वर दोन-अडीच मीटर पाणी उभं, थराखाली शंभर वर्षं उपसून रिकामं केलेलं कोठार, आणि मधून थेंब खाली जात नाही. पाणी वाफ होऊन गेलं किंवा उपसून दूर नेलं. त्याच खोऱ्याच्या पूर्वेला, जुन्या नदीपात्रांच्या वाळूवर पसरलं असतं तर ते झिरपलं असतं. काही ठिकाणी ते घडलंही. मार्च २०२३मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी पुराचं पाणी परवान्याविना शेतांत व पुनर्भरण तळ्यांत सोडायला मुभा दिली. त्या जलवर्षात मुद्दाम केलेलं पुनर्भरण ४१ लाख एकर-फुटांपर्यंत गेलं. हा आकडा मोठा आहे आणि कौतुकाचा आहे. तो सान वाकीनच्या सरासरी तुटीच्या साधारण दोन वर्षांइतका आहे, आणि विक्रमी हिवाळ्यानंतरचा आहे, हेही त्यासोबत वाचावं लागतं.

पुढल्या हिवाळ्यात प्रबळ एल निनो होता आणि या वेळी अंदाज लागू पडला. लॉस एंजेलिसला २५ इंच मिळाले. दोन ओल्या हिवाळ्यांनी टेकड्यांवर झुडपं-गवत माजलं. मग मे २०२४ ते जानेवारी २०२५ पाऊस जवळजवळ नाहीच. ७ जानेवारीला पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे भडकले आणि सोळा हजारांवर इमारती जळाल्या. तापलेली हवा ओल्या काळात जास्त पाडते आणि कोरड्या काळात जास्त शोषते. या हेलकाव्यांवर स्वेन आणि सहकाऱ्यांचा लेख योगायोगाने त्याच आठवड्यात छापून आला. ओला हिवाळा निव्वळ वरदान मानायची सोय आता राहिलेली नाही.

मग कशाने फिटतो दुष्काळ? नद्या-धरणांपुरतं बोलायचं तर एका मोठ्या हिवाळ्याने फिटतो, २०१७ आणि २०२३ दोन्हींनी ते दाखवलं. कोलोरॅडोसारख्या परराज्यातून येणाऱ्या नदीपुरता एका हिवाळ्याने नाही. तिथला मीड जलाशय २०२२मध्ये तळाला गेला तो वीसेक वर्षांच्या तुटीने, आणि २०२३च्या बर्फाने त्याला थोडी उसंत दिली, इतकंच. जमिनीखाली मात्र उत्तर पावसाकडे नाही, कायद्याकडे आहे. कॅलिफोर्नियाने तो केला सप्टेंबर २०१४मध्ये, म्हणजे पाऊस हरवलेला असताना. शाश्वत भूजल व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक खोऱ्यात स्थानिक संस्था उभी करायला लावली, आणि सर्वाधिक उपसलेल्या खोऱ्यांना २०४०पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायला सांगितलं. आपला महाराष्ट्राचा भूजल अधिनियमही २०१४मध्येच अमलात आला, अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटरहून खोल विहिरींना त्यात बंदी आहे. कागदावर आपला कायदा कडक आहे. पण त्याच्या नावाने एखाद्या गावात बोअरची गाडी थांबली, असं क्वचितच ऐकू येतं. तिथे निदान एप्रिल २०२४मध्ये राज्याने टुलारे लेक उपखोऱ्याची अपुरी योजना नाकारून त्याला परिवीक्षेखाली घातलं. त्यावर खटले झाले, तेही अपेक्षितच.

पिकांकडे आल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जगातल्या बदामांपैकी सुमारे ऐंशी टक्के कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत आहे. आपल्या दिवाळीच्या डब्यातला बदाम बहुधा याच खोऱ्यातला. कापूस-टोमॅटो असताना दुष्काळी वर्षी शेत पडीक ठेवता येई. बदामाच्या झाडाला वीस-पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात पाणी लागतं, न दिलं तर बाग मरते. म्हणजे शेतकऱ्याने ओल्या वर्षांच्या भरवशावर मागणी कायमची वाढवून ठेवली. मराठवाड्यातल्या उसाशी हे ज्याला जुळताना दिसणार नाही, त्याने एकदा लातूरहून कळंबला जाऊन यावं.

कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक धोरण संस्थेचा अंदाज असा, की भूजलाचा मेळ घालायचा तर पुनर्भरण, कालव्यांची दुरुस्ती सगळं धरूनही सान वाकीन खोऱ्यातली किमान पाच लाख एकर जमीन २०४०पर्यंत ओलिताखालून काढावी लागेल. कोणाची पाच लाख एकर, हे आता ठरतंय. मोठ्या बागायत कंपन्यांकडे नद्यांचे जुने हक्क आहेत, लहान शेतकऱ्याकडे बहुधा फक्त बोअर. काही जमिनीवर सौर पॅनेल येतील, काही जुन्या पाणथळींना परत दिली जाईल, आणि या जमिनीवर काम करणाऱ्या ईस्ट पोर्टरव्हिलसारख्या गावांतल्या मजुरांना दुसरं काम शोधावं लागेल. त्यांना भरपाई कोण देणार, किती देणार, याची तरतूद अजून अपुरी आहे. पुढचा ऑक्टोबर येईल, नोआचा नवा अंदाज येईल, आणि त्यात काही लिहिलेलं असलं तरी या वाटपावर त्याचा फरक पडणार नाही.